संध्याकाळी आठनंतरची लेन्स: कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएम

कॅमेरा कपाटात गेला की प्रत्येकाचं एकच पालुपद असतं: वेळच मिळत नाही. पण पुण्यातल्या नोकरदाराला वेळ अगदीच मिळत नाही असं नाही. मिळतो तो अंधारातला मिळतो. हिंजवडी किंवा खराडीहून निघून, ट्रॅफिकमधून वाट काढत घरी पोचेपर्यंत साडेसात-आठ वाजतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास गेलेला असतो, आणि दिवस सगळ्यात मोठा असतो त्या जूनअखेरीसही तो सव्वासातच्या पुढे थांबत नाही. उरतात घरातला ट्यूबलाइट, रस्त्यावरचे दिवे आणि दुकानांचा झगमगाट. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स नेमकी याच उजेडात मान टाकते. फोटो हलतात नाहीतर दाणेदार येतात. असं चार-पाच वेळा झालं की माणूस आपल्यापुरता निकाल लावून टाकतो, की हे आपल्याला जमणारं नाही. उत्साह आळसाने मावळतो असं आपण समजतो. बऱ्याचदा तो एफ/५.६ मुळे, म्हणजे लेन्सच्या अरुंद भोकामुळे, मावळलेला असतो.

म्हणून ही लेन्स इथे एकाच कसोटीवर पाहिली आहे. ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यातून उरलेल्या वीस मिनिटांत ती कॅमेरा हातात धरायला लावते का? शार्पनेस वगैरे गोष्टी या प्रश्नाशी जिथे येऊन भिडतात तेवढ्याच.

आधी वस्तूची ओळख. कॅननने ही लेन्स २०१५ साली आणली. तिच्या आधीची ५० एमएम एफ/१.८ ची दुसरी आवृत्ती १९९० पासून विकली जात होती आणि तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) चक्क प्लास्टिकचा होता. एसटीएमचा (स्टेपिंग मोटर असलेल्या या नव्या आवृत्तीचा) माउंट धातूचा आहे, वजन साधारण १६० ग्रॅम, लांबी जेमतेम ३९ मिलिमीटर, फिल्टरचा व्यास ४९ मिलिमीटर, ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, पाती सात. नवीन घेतली तर दहा हजारांच्या आगेमागे पडते. घराघरात पडून असलेल्या कॅननच्या १५००डी, २००डी, ७००डी या कॅमेऱ्यांवर ती थेट बसते. किट लेन्सपेक्षा वजन फार कमी होतं असं नाही, चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक. लांबी मात्र जवळपास निम्मी होते, आणि ऑफिसच्या सॅकमध्ये डब्याशेजारी कॅमेरा मावतो की नाही ते या लांबीवर ठरतं.

उजेडाचं गणित

किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं ॲपर्चर एफ/५.६ च्या वर उघडत नाही. ही लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते (आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). म्हणजे सेन्सरवर सुमारे साडेनऊपट जास्त प्रकाश, सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). घरात याचा अर्थ काय ते पाहा. एका एलईडी ट्यूबच्या खोलीत, दिव्याच्या बऱ्यापैकी जवळ बसलेल्या मुलाचा फोटो १/१२५ शटरला (सेकंदाच्या १२५व्या भागात) काढायचा तर किट लेन्सला आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० च्या आसपास लागतो. या लेन्सला एफ/१.८ वर ६४० पुरतो, एफ/२.२ वर हजार. ६४०० वर १५००डीचा फोटो ओल्या भिंतीसारखा पोपडे आल्यागत दिसतो. हजारावर तो निश्चिंतपणे छापून भिंतीवर लावता येतो.

शटर १/१२५ च का, यालाही कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/२५० किंवा त्याहून जलद नेलं की फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात किंवा एकामागून एक काढलेल्या फोटोंचे रंग वेगवेगळे येतात. लोकांना वाटतं लेन्स खराब निघाली. अशा वेळी १/१०० वर या, पट्टे जातात. त्याखाली फार जाऊ नका, कारण या लेन्समध्ये इमेज स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही. या कॅमेऱ्यांच्या छोट्या सेन्सरवर तिचा पल्ला ८० एमएमसारखा पडतो, म्हणजे हात कितीही स्थिर असला तरी १/८० ही खालची मर्यादा धरा. मूल अभ्यास करत असेल तर १/१२५ पुरतं. अभ्यास टाळून उड्या मारत असेल तर पट्ट्यांचा धोका पत्करून १/२५० हवं.

कॅमेरा फळीवर ठेवायची मांडणी

या लेन्सची खरी किंमत वसूल व्हायची असेल तर ती बॅगेत ठेवू नये. कॅमेऱ्यावर चढवून, झाकण लावून, हाताला येईल अशा उंचीवर, मुलांच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. बॅगेची चेन, लेन्सची अदलाबदल, कार्ड शोधणं, बॅटरी चार्ज आहे का ते बघणं, यात पाच मिनिटं जातात आणि त्या पाच मिनिटांत चहा निवतो, मूल झोपतं, मूड जातो. एकच लेन्स कायम चढलेली असली की सेन्सरवर धूळही कमी बसते. पुण्यात सध्या जिथे तिथे खोदकाम आहे, ही काही लहान सोय नाही.

ठेवताना कॅमेरा असा ठेवा: मोड एम, ॲपर्चर एफ/२.२, शटर १/१२५, आयएसओ ऑटो, फोकस वन-शॉट (एकदा धरला की तिथेच थांबणारा), मधला एकच पॉइंट. मेन्यूत जाऊन ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० करून ठेवा. खोली फारच अंधारी असेल तर ६४००. एफ/१.८ ऐवजी २.२ का? पूर्ण उघड्या ॲपर्चरवर ही लेन्स जरा मऊ आहे, दिव्यांच्या आणि चकचकीत भांड्यांच्या कडेला जांभळी किनार येते, आणि फोकसची खोली, म्हणजे जेवढा पट्टा स्पष्ट येतो तो, हास्यास्पद इतकी कमी असते. दीड मीटरवरच्या माणसावर एफ/१.८ ला ती साधारण ६ सेंटीमीटर भरते, एक मीटरवर तीनच्याही आत. नाकाच्या शेंड्यावर फोकस गेला की डोळे धूसर. एफ/२.८ ला तीच खोली दीड मीटरवर साडेनऊ सेंटीमीटर होते आणि शार्पनेसही एकदम सुधारते. २.२ हा दोघांतला समझोता.

मधला पॉइंट वापरायचं कारण असं की या वर्गातल्या कॅमेऱ्यांवर तोच सगळ्यात भरवशाचा असतो. १५००डीवर नऊपैकी मधला एकच पॉइंट क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा) आहे, बाजूचे पॉइंट मंद उजेडात पुढे-मागे चाचपडत राहतात. फोकस घेऊन मग फ्रेम जुळवायची पद्धत चालते, पण एक मीटरच्या आत कॅमेरा फार वळवू नका. वळवताना फोकसचं प्रतल सरकतं आणि तीन सेंटीमीटरच्या खोलीत तेवढं पुरेसं असतं.

या मांडणीत एक खड्डा आहे. सकाळी बाल्कनीत याच सेटिंगवर फोटो काढला तर तो पांढराफटक येतो. एम मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर तुम्ही बांधून ठेवलेलं, आयएसओ १०० च्या खाली जात नाही, आणि ऊन खोलीतल्या उजेडापेक्षा शेकडो पटींनी प्रखर. बाहेर पडताना एव्ही मोडवर जा आणि एफ/४ लावा, शटर कॅमेरा ठरवेल. भर उन्हात एफ/१.८ मिळतच नाही, हेही लक्षात असू द्या: या कॅमेऱ्यांचं सगळ्यात जलद शटर १/४०००, आणि त्यावर बाराच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/२.८ हीच सीमा आहे. उन्हात मागचं सगळं विरघळलेलं हवं असेल तर सावलीत जा. तुळशीबागेच्या बोळात सावली आयती मिळते.

घरात कुठे अडते

आता तक्रारीचा भाग, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. पुण्यातल्या टू-बीएचकेचा हॉल दहा बाय बाराचा असतो. मधल्या सोफ्याची जागा सोडली तर मागे सरकायला जेमतेम अडीच-तीन मीटर मिळतात. तीन मीटरवरून ही लेन्स आडवी धरली तर १.३४ मीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर उंच एवढाच भाग फ्रेममध्ये येतो. एक माणूस, कमरेपासून वर. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर कॅमेरा उभा धरून किमान चार मीटर मागे जावं लागतं, म्हणजे पाठ भिंतीत घालावी लागते. वाढदिवसाचा केक आणि भोवती बारा माणसं? विसरा. सासूबाई म्हणतील, "अहो, सगळ्यांना घ्या की फोटोत," तेव्हा निमूटपणे फोन काढा.

हे दुखणं गंभीर आहे, आणि ज्यांना कुटुंबाचे एकत्र फोटो काढण्यातच आनंद आहे त्यांनी ही लेन्स घेऊ नये. त्यांच्यासाठी कॅननचीच ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम आहे: १२५ ग्रॅम, जाडी २३ मिलिमीटरच्या आत, डोळ्याला सहज वाटेल असा पल्ला, आणि १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. उजेड सव्वा स्टॉप कमी घेते, पण घरातली खोली फोटोत दिसते. छोट्या घरात राहणाऱ्याला पहिली लेन्स म्हणून आम्ही तीच सुचवू. ५० ही चेहऱ्यांची, हातांची, वस्तूंची लेन्स आहे.

आणि हात या लेन्सवर फार सुरेख येतात. पोळी लाटणारे, शेंगा सोलणारे, मोदकाच्या कळ्या पाडणारे. सगळ्यात जवळचं फोकस सेन्सरपासून ३५ सेंटीमीटर. तिथे साधारण साडेदहा बाय सात सेंटीमीटरचा भाग फ्रेम भरून टाकतो. एक उकडीचा मोदक आणि शेजारी तुपाची वाटी अर्धी, इतकंच मावतं. ओट्यावरच्या खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड वाफेच्या मागून येईल असं उभं राहून, एफ/४ वर काढा. वाफ पांढरी उठून दिसते. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर वाफ गायब होते, कारण तिच्यावर पडलेला उजेड कॅमेऱ्याकडे वळतच नाही. स्वयंपाकघरातला दिवा मात्र बंद करा. पिवळा दिवा आणि निळसर दिवस एका फोटोत आले की कुठलाही व्हाइट बॅलन्स (रंग सावरणारी सेटिंग) दोघांना सांभाळू शकत नाही.

फोकसची एक चाचणी, घेतल्या दिवशी

एफ/१.८ वर फोकस पुढे-मागे पडणं ही या किमतीच्या लेन्स आणि या किमतीच्या कॅमेऱ्यांची जुनी अडचण. १५००डी, २००डी, ७००डी यांपैकी एकातही फोकसचं बारीक समायोजन करायची सोय नाही, त्यामुळे चाचणी पहिल्याच दिवशी करावी. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून नव्हे. टेबलावर पसरून, कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवून ४५ अंशांतून, एक मीटर अंतरावरून. मधली एक ओळ पेनाने अधोरेखित करा, एफ/१.८, दोन सेकंदांचा टायमर, मधला पॉइंट त्या ओळीवर. दर वेळी लेन्स आधी दूरवर फोकस करून मग ओळीवर आणा आणि दहा फोटो काढा. दहापैकी एक-दोन चुकले तर ते नेहमीचं आहे. सगळे एकाच बाजूला, सारखेच चुकले, तर लेन्स आणि कॅमेरा यांचं जुळत नाही. बिल घेऊन दुकानात जा, दुसरा नग मागा. तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) काढून बघा. तिथे फोकस थेट सेन्सरवरून होतो, त्यामुळे तो अचूक आला आणि व्ह्यूफाइंडरमधून चुकला तर दोष काचेत नाही हे नक्की होतं. २००डीवर लाइव्ह व्ह्यूचं फोकस चपळ आहे. १५००डीवर ते रखडत चालतं, स्थिर वस्तूपुरतंच ठेवा.

फोकसिंगची नळी पुढे-मागे सरकते आणि मोटर विजेवर चालते. कॅमेरा बंद असताना रिंग फिरवली तर काहीच होत नाही. जवळचा फोटो काढून लगेच कॅमेरा बंद केला तर नळी बाहेरच राहू शकते, आणि तशीच बॅगेत कोंबली तर दाब थेट यंत्रणेवर येतो. बंद करण्याआधी समोरच्या इमारतीवर एकदा फोकस करा, नळी आत जाते. ईएस-६८ नावाचं हूड (तिरपा उजेड अडवणारी पुढची कडी) बरोबर येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. ते घ्याच, अस्सल असो वा तिऱ्हाईत कंपनीचं. यूव्ही फिल्टरवर पैसे घालवू नका. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांची हिरवी भुतं फोटोत नाचतात ती बहुतेकदा त्या स्वस्त काचेचीच देणगी असते.

वीस मिनिटांत शहरात

मंडईपासून सुरुवात करा. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ सालची, पण ती या लेन्समध्ये मावायची नाही, तिचा नाद सोडा. बाहेरच्या गाळ्यांवर संध्याकाळी प्रत्येकाच्या डोक्यावर एक उघडा बल्ब असतो आणि तो बल्ब हाच तुमचा स्टुडिओ. इथे ऑटो आयएसओ फसवतो: भोवतालचा काळोख बघून कॅमेरा आयएसओ चढवतो आणि बल्बखालचे चेहरे जळून जातात. एम मोडमध्ये ते आवरायला या स्वस्त कॅमेऱ्यांवर बहुधा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) मिळत नाही. म्हणून आयएसओ हाताने ८०० करा, एफ/२.२, १/१२५, एक फोटो काढून पडद्यावर चेहरा बघा, जळत असेल तर ४०० वर या. बल्ब स्वतः फ्रेमबाहेर ठेवा. आधी पावशेर काहीतरी घ्यावं आणि मग विचारावं, "मावशी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोन फोटो काढू का?" नाही म्हणाल्या तर भाजी तरी घरी जाते.

सुट्टीच्या दिवशी कसब्यातली तांबट आळी. इथे ही लेन्स आपल्या सगळ्या गुणांनिशी उभी राहते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकेक ठोका घालत उठवलेलं मठारकाम जवळून पाहिलं तर प्रत्येक खळगा एक लहानसा आरसा असतो, आणि त्यात दारातून येणारा उजेड, कारागिराचा सदरा, कधी तुम्हीसुद्धा दिसता. एक मीटरवरून एफ/४, एव्ही मोड, कॉम्पेन्सेशन वजा दोन-तृतीयांश. वजा नाही केलं तर तांब्यावरची चमक पांढरी होऊन बसते आणि मग तांबं तांबं राहत नाही. हातोडी हवेत गोठवायची तर १/५०० शटर हवं, आयएसओ वाढू द्या. उलट हातोडी पुसट आणि भांडं स्थिर हवं असेल तर १/३० आणि कोपर चौकटीला टेकवलेलं. पाचांत एखादा जमतो. कामाच्या वेळी ठोक्यांच्या आवाजात तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही, तेव्हा आधी समोर जाऊन, हात जोडून परवानगी घ्या आणि कारागिराच्या उजेडात उभे राहू नका.

पाताळेश्वराला जंगली महाराज रस्त्यावरून जाता-येता दहा मिनिटं थांबता येतं. नंदीचा गोल मंडप पूर्ण घ्यायला मागे बरीच जागा लागते, ती अंगणात थोडीफार आहे. लेण्याच्या आतल्या खांबांवर उजेड बाजूने येतो तेव्हा एफ/२.२ चं खरं काम. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते. हातात धरून भागतं, हाही या लेन्सचाच फायदा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे घ्या. दरवाजा अख्खा घ्यायला निघालात तर बरंच मागे जावं लागेल.

गणपतीत काय? पुण्यातले निम्मे कॅमेरे गणपतीत बाहेर येतात आणि अनंत चतुर्दशीला परत कपाटात विसर्जित होतात. लक्ष्मी रस्त्याच्या मिरवणुकीत ८० एमएमचा पल्ला अडचणीचा आहे, दोन पावलं मागे जायलाही जागा नसते. ढोलावरचा हात, ताशावाल्याचा चेहरा, एवढंच साधेल, पण ते चांगलं साधेल. गर्दीचं दृश्य फोनवर काढा. खरं सांगायचं तर विस्तीर्ण दृश्यात आणि स्थिर रात्रीच्या फोटोत आजचा बरा फोन अनेक फ्रेम जोडून कॅमेरा-लेन्सच्या या जोडीला सहज हरवतो. हलणारा माणूस आणि मंद उजेड एकत्र आले की मात्र फोनचं ते जोडकाम फसतं, हात पुसले जातात, केस लोण्यासारखे होतात. तिथे मोठा सेन्सर आणि उघडं ॲपर्चर यांना पर्याय नाही.

फोटो काढल्यावरचं काम

छंद मेल्याची आणखी एक जागा म्हणजे लॅपटॉप. चारशे फोटो कार्डावर, निवडायचे राहिलेत, आणि ते राहिलेत म्हणून नवीन काढायचे नाहीत. पन्नासच्या एकाच पल्ल्याने हे ओझं थोडं हलकं होतं, कारण झूम करून एकाच गोष्टीचे सहा आकार काढले जात नाहीत. बाकीचं शिस्तीवर. परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या कॅमेऱ्यावरच नासलेले फोटो उडवा. घरी आल्यावर राहिलेल्यांतून तीनच वाय-फायने फोनवर घ्या. १५००डी आणि २००डी दोन्हींत वाय-फाय आहे, ७००डीत नाही, त्याला ओटीजी कार्ड रीडर लागतो. रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा, पण रॉ उघडायचं फक्त महिन्याकाठी निवडलेल्या पाच-सहांसाठी. त्यांचे ४ बाय ६ प्रिंट काढून आणा. स्टुडिओवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मंडईतला तुमचा काळोख तो उजळून परत देतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा पुण्यात लेन्सचा शत्रू. भिंतीला लागून असलेलं लाकडी कपाट, आत कपडे, वर्तमानपत्र आणि कातडी बॅग: बुरशीला याहून चांगलं माहेर नाही. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरायला लागतात. स्वयंपाकघरात वापरतात तसा रबराची कड असलेला हवाबंद डबा, दहा लिटरचा, आत दोनशे-अडीचशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र). काटा ४० ते ५० मध्ये हवा. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण वाळतात. केशरी दाण्यांचा जेल घ्या. हिरवट झाला की ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवून परत वापरता येतो. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, खाण्याच्या ओव्हनमध्ये कदापि नको.

डबा आणि फळीवर ठेवायचा सल्ला यांचा विरोध दिसतो, आणि पावसाळ्यापुरता तो आहेच. चार महिने डबाच फळीवर ठेवा, झाकण पारदर्शक घ्या. रोज वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही, उजेड आणि हवा लागत राहते. धरते ती दिवाळीला उघडायच्या लेन्सला. ही लेन्स पावसाला सीलबंद नाही. भिडे पुलाजवळ पाण्याचे फोटो काढायला निघालात तर हूड लावा, वरून हॉटेलात मिळते ती अंघोळीची टोपी चढवा, आणि घरी आल्यावर पुसून, पंख्याखाली तासभर ठेवूनच डब्यात घाला. ओली लेन्स डब्यात घातली तर तो डबाच बुरशीचा कारखाना होतो.

घेताना

निकॉनवाल्यांनी हीच सोय ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स किंवा ५० एमएम एफ/१.८जी मध्ये शोधावी. जुनी ५० एमएम एफ/१.८डी स्वस्त दिसते म्हणून उचलू नका. डी३५००, डी५६०० यांत फोकसची मोटर नाही, त्यावर ती हातानेच फिरवावी लागते. कॅननच्या नव्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) ही ईएफ लेन्स ॲडॉप्टरशिवाय बसत नाही, आणि ॲडॉप्टर १०० ग्रॅमच्या वर भर घालतो. त्यांच्यासाठी आरएफ माउंटची ५० एमएम एफ/१.८ वेगळी आहे, वजन तेवढंच.

नवीन घ्यायची तर छापील जीएसटी बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड, दोन्हींवरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. बिलाशिवाय दोन हजार कमी करणारा माणूस वॉरंटीही कमी करत असतो. वापरलेली घेताना आधी माउंट बघा: प्लास्टिकचा असेल तर ती १९९० ची जुनी आवृत्ती आहे, फिल्टरचा व्यासही ५२ असेल, आणि तिची किंमत एसटीएमची देऊ नका. दोन्ही झाकणं काढून फोनचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण चालतील, त्यांनी फोटोत काही बिघडत नाही. धागे दिसले तर नको म्हणा. कॅमेऱ्यावर चढवून जवळ-दूर असं दहा-बारा वेळा फोकस करा. एसटीएम पूर्ण मुकी नसते, बारीक घरघर करते. पण मध्येच अडखळली, करकरली किंवा नळी एका बाजूला झुकलेली वाटली तर ती कधीतरी पडलेली आहे. फिल्टरच्या आट्यांवरून बोट फिरवा, चेप लागतो का बघा. मग एफ/११ लावून रस्त्यावरच्या एका दिव्याचा फोटो काढा. सात पात्यांच्या ॲपर्चरने चौदा किरणांचा तारा पडायला हवा; किरण कमी-जास्त लांबीचे, वाकडेतिकडे आले तर पाती चिकटताहेत. अशी लेन्स साफ करून घ्यायचा खर्च तिच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या जवळ जातो, तेव्हा विकणारा कितीही उतरला तरी ती त्याच्याकडेच राहू द्या.